तीन प्राणांचा शिपाई

इंग्रजी काव्य शिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांनी ‘कॉन्ट्रा’ नावाच्या खेळाची स्तुती करावी हे कित्येकांस शोभणार नाही. परंतु आवडीनिवडीच्या प्रांतात शोभेला फारसे विचारू नये, असे आमचे जुने मत आहे.

जपानच्या कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी काढला आणि पुढल्या वर्षी घरगुती यंत्रावर आणला. आमच्या हातकणंगल्यास तो आला १९९० नंतरच्या दशकात, व तोही मूळ यंत्रावर नव्हे, त्याच्या स्वस्त नकलेवर. कॅसेटीवर खेळांचा आकडा लाखांनी छापलेला असे. आत तेच दहावीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. (जाहीरनाम्यांचा आम्हांस अनुभव असल्याने याचे आश्चर्य वाटले नाही.)

उघड्या अंगाचा एक शिपाई रानातून धावतो, धावता धावता गोळ्या झाडतो, कोलांटी घेत उडी मारतो. एक गोळी लागली की मेला. प्राण अवघे तीन! गुप्त कळा दाबून ते तीस करता येतात. पण तीस प्राणांचा शूर पुरुष आम्हांस कंत्राटदारासारखा वाटतो.

सगळा पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा. आकृतीच्या एका तुकड्यास रंग तीनच. आमच्या मातोश्री दोसुतीवर फुल्यांच्या टाक्याने पोपट भरीत, तेव्हा चोचीच्या वाट्यास चारपाच घरे येत आणि तेवढ्यात पोपट बोलका होई. येथेही तसेच. शिपायाच्या चेहऱ्यास जागाच नाही, म्हणून तो खेळणाऱ्याचा होतो. गोळी म्हणजे निव्वळ एक ठिपका; ती दिसली नाही असे म्हणण्याची सोय नाही. आजच्या खेळांत धूर असतो, धूळ असते, सूर्याची तिरीप डोळ्यांवर येते, आणि हरणाऱ्यास अंगण वाकडे म्हणावयास पुष्कळ वाव मिळतो. ब्राझीलच्या जॉयमॅशर मंडळींनी २०१९ साली ‘ब्लेझिंग क्रोम’ हा खेळ मुद्दाम जुन्या ठिपक्यांच्या धाटणीने काढला, तो केवळ गतकाळाच्या ओढीने असे आम्हांस वाटत नाही. तेथेही गोळी चुकविता येते, आणि लागली तर दोष आपलाच असतो.

पण या खेळाचे खरे मर्म दोघांनी खेळताना कळते. तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. खडकांवरून उड्या मारीत वर जावयाचे. पुढचा वर चढला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो, आणि खालच्या कडेबाहेर राहिलेला जागच्या जागी मरतो. शत्रूची गरजच नाही. आमचे दोघे पुतणे लहानपणी यावरून हातघाईवर येत. थोरला चपळ, त्यास थांबणे ठाऊक नव्हते. धाकट्याचे तिन्ही प्राण बहुधा त्या पाण्यातच जात.

आता दोघेही चाळिशीचे. वडिलार्जित शेताच्या बोलण्यावरून दोन वर्षे अबोला होता. गेल्या दिवाळीत पोरांनी माळ्यावरची पेटी काढून जोडली आणि दोघांच्या हाती कळा दिल्या. धबधबा आला. थोरला एका खडकावर उभाच राहिला.

“दादा, हो की वर,” धाकटा म्हणाला.

“ये रं, थांबलोय न्हवं.”

थांबल्या जागी त्यास गोळी लागली. त्या रात्री तिसऱ्या टप्प्यापुढे कोणासच जाता आले नाही. शेताची वाटणी अजून व्हावयाची आहे.