काय हशील?

गारपीट झाली त्या वर्षी कापणीला आलेला गहू आडवा झाला. वडील बांधावर नुसते बसून होते. आजी त्यांना म्हणाली, ‘‘अरे, बसून काय हशील? ऊठ. राहिलंय तेवढं वेचू.’’

हशील. हा शब्द आमच्या काळ्या मातीतच उगवला असेल, असं मला वाटायचं. खूप वर्षांनी कळलं, तो अरबीतून आलेला. अरबी शब्दाचं मूळ बहुधा तीन व्यंजनांचं असतं. त्यांच्यामधले स्वर बदलले, मागेपुढे एखादं अक्षर जोडलं, की अर्थाला नवी फांदी फुटते. हशीलचं मूळ ह-स-ल. इ.स. १००४च्या सुमारास निवर्तलेला कोशकार इब्न फारिस या मुळाचा गाभा एकाच क्रियेत सांगतो : गोळा करणं. पुढे नोंदवतो, की काही जाणकारांच्या मते ‘तहसील’ म्हणजे मुळात खाणीतल्या दगडमातीतून सोनं-चांदी काढणं. वाचता वाचता मी थांबले. वडिलांचं बोट धरून तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना मला कुठे ठाऊक होतं, की त्या पाटीवर सोनं वेचणारे हात आहेत!

‘हासिल’ म्हणजे हाती आलेलं, उरलेलं. हिंदी शाळांतली मुलं बेरजेतल्या हातच्याला हासिल म्हणतात. अरबी मुलांचा पैसे साठवायचा गल्ला ‘हस्साला’. अरबीत ‘महसूल’ म्हणजे शेतातलं पीकसुद्धा. आपल्याकडे मात्र तो सरकारात भरायचा सारा होऊन रुजला. शेतकऱ्याची रास आणि त्या राशीतून उचललेला वाटा, दोन्ही एकाच शब्दात नांदतात. कुराणाच्या शंभराव्या सुरेत याच मुळाचं क्रियापद माणसांच्या उरात दडलेलं बाहेर काढलं जाईल, त्या दिवसाबद्दल येतं.

मला जीव लावला तो ‘हौसला’नं. पक्षी टिपलेले दाणे ज्यात साठवतो, ती गळ्याखालची पिशवी म्हणजे अरबी ‘हौसला’. फारसीत तिला धीराचा, सोशिकपणाचा अर्थ आला : आत किती मावतं, किती सोसवतं. उर्दू-हिंदीत ती हिंमत झाली. कबुतराची जोडी त्याच पिशवीतून पिलाला भरवते, हे आठवलं आणि वाटलं, हिंमत हे नाव तिला उगाच मिळालेलं नाही.

त्या दिवशी आजी चिखलात वाकून ओंब्या वेचत होती. पाठोपाठ वडील, त्यांच्यामागे मी. संध्याकाळी ओट्यावर येऊन तिनं ओचा सोडला. मातीनं माखलेल्या ओंब्यांचा लहानसा ढीग झाला. वाळवून, चोळून, पाखडून त्यातून चार शेर गहू निघाला. त्यातला एक शेर तिनं बियाण्यासाठी वेगळा बांधून ठेवला.