वाट मूळची, नळी नवी!

कोलकात्याच्या मल्लिकबाजारात जुन्या मोटारींचे नाना सुटे भाग मिळतात. पण एक गोष्ट तिथे कोणत्याच दुकानात मिळत नाही. ती म्हणजे ब्रेकच्या नळीची मूळ वाट. ती गाडीखाली शिरूनच शोधावी लागते.

कोलकात्यात चौरंगीवरून पार्क स्ट्रीटला वळायचे आणि सरळ चालत राहायचे. उपाहारगृहांचा आणि केकच्या दुकानांचा झगमगाट हळूहळू मागे पडतो. 1767 मध्ये सुरू झालेली इंग्रजांची जुनी दफनभूमी लागते. संस्कृतचे गाढे अभ्यासक सर विल्यम जोन्स इथेच विसावले आहेत. तिथून जवळच आचार्य जगदीशचंद्र बोस रोडचा चौक येतो. हाच मल्लिकबाजार!

या रस्त्याचे जुने नाव लोअर सर्क्युलर रोड. सर्क्युलर रोडशी मराठी माणसाचे एक गमतीदार नाते आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही शहरावर चालून आले नाहीत आणि खंदकही अर्धवटच राहिला. पुढे 1799 मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. ज्या मराठी घोडदळाच्या भीतीने खंदक खणला, त्याच्या नावाशी जोडलेल्या या रस्त्यावर आज पोलादी घोड्यांचे अवयव विकले जातात!

दुकानांतून गिअरबॉक्स, हेडलाइट, दारे, बंपर यांच्या राशी लागलेल्या असतात. कोलकात्यात हा बाजार फुलला यात नवल नाही. हावड्याहून लोकल पकडली की उत्तरपाड्याच्या पुढचेच स्टेशन हिंदमोटर. इथल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अ‍ॅम्बॅसेडर 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2014 पर्यंत तयार होत होती. मंत्र्यांची पांढरी गाडी तीच आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सीही तीच. पंधरा वर्षांच्या नियमामुळे या टॅक्सी आता झपाट्याने कमी होत आहेत. जुन्या अ‍ॅम्बॅसेडर जपणाऱ्या घरांना त्यांचे मोल अधिकच जाणवू लागले आहे.

चकाकी वर, जीव खाली

आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरले की घरात चर्चा सुरू होते ती रंगाची, गाद्यांची आणि चकचकीत बंपरची. गाडीखाली वाकून बघायचे मात्र कुणालाच सुचत नाही. तिथे असते जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची एक पोलादी नळी. पॅडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि या नळीतून तो चारही चाकांपर्यंत पोहोचतो. अशा जुन्या गाड्यांत सहसा चारही चाकांना मिळून एकच जोडणी असे. म्हणजे नळी एका ठिकाणी फुटली तरी पॅडल थेट तळाला! अशा वेळी तारेवर चालणारा हँडब्रेक तेवढा हाताशी उरतो. म्हणून तोही ठाकठीक हवाच.

चाळीस-पन्नास वर्षांत या नळीला अनेक हात लागलेले असतात. कोलकात्याच्या पावसाळ्यात रस्ते तुंबतात, क्लिपांखाली चिखल साचतो आणि नळी तिथेच गंजते. मग घाईत एखादा मेकॅनिक जवळच्या वाटेने नवी नळी टाकून देतो. ती कधी सायलेन्सरच्या पाइपाला खेटून जाते, तर कधी क्लिपांविना लोंबकळत राहते. ब्रेक लागतो, मालक खूश होतो. धोका मात्र गाडीबरोबर फिरत राहतो.

प्रत्येक वळणाला कारण

कारखान्याने आखलेली वाट लांबची आणि वेडीवाकडी वाटते, पण तिच्यातले एकही वळण उगीच नसते. नळी सायलेन्सरपासून दूर ठेवलेली असते. त्यामागे कारण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 3 जातीचे ताजे तेल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा 140 पर्यंत घसरू शकते. तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ऐन वेळी पॅडल मऊ पडते. नळी बॉडीच्या आडोशाने नेलेली असते, कारण रस्त्यावरचे दगड उडतात. ठरावीक अंतरावर क्लिपा असतात, कारण हादऱ्यांनी मोकळी नळी तडकते. पत्र्यातून जाताना रबरी कडे असते, कारण पत्र्याची धार नळी कापते. पुढची चाके वळतात आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर खालीवर होतो, म्हणून तिथे लवचीक होज पाइप बसवलेले असतात.

मग ही हरवलेली वाट शोधायची कशी? जाणता मिस्त्री जुनी नळी लगेच उपटून फेकत नाही. आधी फोटो काढतो. चिखल खरवडला की बॉडीवर क्लिपांची रिकामी भोके दिसतात. नळी जिथे टेकून होती, तिथे रंगाचा पट्टा वेगळा उठून दिसतो. कंपनीचे जुने माहितीपुस्तक किंवा त्याच सालची, हात न लागलेली दुसरी गाडी मिळाली तर दुधात साखरच. मग मऊ तार त्या वाटेने वळवून तिचा साचा करायचा आणि त्याबरहुकूम नवी नळी वाकवायची. वाकवताना ती कुठे चेपता कामा नये. टोके दुहेरी दुमडून घ्यायची, आतून फुंकून साफ करायची.

इथे मूळपणाचा हट्ट कुठे सोडायचा हेही कळले पाहिजे. वाट जुनी असावी, नळी नव्हे! गंजलेली नळी घासूनपुसून पुन्हा बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. तांबे आणि दहा टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि वळायलाही सोपी असते. होज पाइपही नवेच घ्यावेत.

शेवटी नळीतली हवा काढायची. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ते बहुधा मागचे डावे चाक असते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे ताणला जात नाही ना, घासत नाही ना, ते पाहायचे. पॅडल दाबून धरून प्रत्येक सांधा तपासायचा. मगच मोकळ्या मैदानात, अगदी हळू, पहिली फेरी मारायची.

कागद आणि कसोटी

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 20 हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल मात्र नसावेत. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन यांसारख्या मोजक्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. पण क्रमांक मिळाला म्हणून ब्रेक लागतोच असे नाही!

कोलकात्याला जायचे तर हिवाळ्यात जावे. 1968 पासून ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली या शहराच्या हिवाळ्याची शान ठरली आहे. रॅलीत गर्दी बघते ती चकाकता रंग आणि भोंग्याचा पितळी डौल. गाडीखालची नळी कुणीच पाहत नाही. पण परतीच्या वाटेवर गल्लीतून एखादे पोर चेंडूमागे धावत आले आणि गाडी हातभर आधी थांबली, तर ते श्रेय त्या न दिसणाऱ्या नळीचेच असते.