सालीवरून सरपण

वाळून पडलेल्या फांदीला ना पान असतं, ना फूल, ना शेंग. हाताशी उरते ती नुसती साल. भीमेच्या काठानं किंवा खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेनं सरपणाला निघालेली दौंडकडची बाई तेवढ्यावर झाड ओळखते.

बाभळीची साल काळी आणि खडबडीत, उभ्या भेगा इतक्या खोल की बोटाचं टोक आत जावं. एखाद्या भेगेत डिंकाचा तांबूस खडा अडकलेला. हिवर तिचाच भाऊबंद. पानं तशीच बारीक, काटेही तसेच, पण साल फिकी, पिवळट-पांढरी. माळावर हिवराचं खोड लांबूनच उजळ दिसतं. लिंबाची साल करडी, भेगाळलेली, आणि तिचा कडूपणा नख लावल्यावर समजतो. शेवग्याची फांदी उचलली की लगेच कळतं, हातात वजनच येत नाही. तिचा इंगळ धरत नाही, भाकरी कच्ची राहते.

दिवाळीनंतर पाटसच्या बाजूला ऊसतोडीच्या कोप्या पडतात. बीडकडून आलेल्या बायकांना इथली झाडं सगळीच ओळखीची नसतात. पाचट भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं, म्हणून लाकूड हवंच. अशाच एका कोपीपुढं एक मावशी अनोळखी फांदी घेऊन बसल्या होत्या. कोयत्याच्या टोकानं साल खरवडली, आतला रंग पाहिला, वास घेतला, दोन फाट्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकला. मग सुनेला म्हणाल्या, “तोडली तवा चीक येत व्हता का गं?” सून म्हणाली, “न्हाई बघितलं, आत्याबाई.” “मग ऱ्हाऊ दे. भाकरीखाली नगं.”

या एका प्रश्नात मला सगळं शहाणपण दिसतं. शेराचा चीक डोळ्यांना घातक असतो. कण्हेर अख्खी विषारी, तिचा धूरसुद्धा वाईट. चांगलं जळण कोणतं हे कुणीही सांगेल. चुलीत काय घालायचं नाही हे ज्या बाईला ठाऊक, ती घर सांभाळते. उंबर-पिंपळ चुलीत न घालण्याचा रिवाजही तीच पाळते.

अलीकडं मात्र मोळीत वेडी बाभूळच जास्त. अमेरिका खंडातून आलेलं हे झाड एकोणिसाव्या शतकात आपल्याकडं लावलं गेलं आणि ओढे, पडीक रानं, रेल्वेच्या कडा व्यापून बसलं. साल करड्या-तपकिरी रंगाची, भेगा उथळ, बुडापासूनच चार-पाच खोडं. जळतं झकास, निखारा टिकतो, आणि कितीही तोडा, पुन्हा फुटतं. गरिबाची चूल त्यानं पेटती ठेवली, हे मान्यच. पण मोळीत एकच साल असेल तर पोरी ओळखणार काय? हिवर आणि बाभूळ शेजारी शेजारी ठेवून आजीनं नातीचं बोट भेगेत घालावं, तर दोन्ही झाडं रानात उभी हवीत. ओढ्याकाठची वेडी बाभूळ खुशाल तोडा. बांधावरच्या हिवराला मात्र कोयता लावू नका.