एकच ठोका

संगीतातलं मला हिशेबाइतकंच कळतं. आणि हिशेबातलं किती कळतं, ते आमचे मॅनेजरसाहेब सांगतील. त्यामुळे न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, पोरगा शाळकरी मुलांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतोय, घरबसल्या थेट दिसेल," तेव्हा मी फक्त वेळ विचारली. तिकडे संध्याकाळचे सात, म्हणजे हिंगोलीत पहाटेचे साडेचार! मी हादरलो. आई मात्र खूश. ती तर तिची काकड्याची वेळ. माहेर नर्सी नामदेवचं. टाळ ऐकतच लहानाची मोठी झालेली.

सिंफनी द्वोर्झाकची, नववी. या चेक गृहस्थानं ती १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिली. म्हणजे त्याचीही घरापासून लांबचीच कमाई.

टीव्हीवर साठ-सत्तर पोरं काळ्या कपड्यांत. व्हायोलिनवाल्यांचे गज सपासप चाललेले, कर्णेवाल्यांचे गाल फुगलेले. आमचा पुतण्या मागच्या रांगेत, परातीएवढ्या दोन झांजा मांडीवर घेऊन, ढिम्म.

पहिला भाग संपला. ढिम्म. दुसऱ्यात एका मुलीनं लांबुळक्या सनईसारख्या वाद्यावर असं काही आर्त वाजवलं, की बायकोनं डोळ्याला पदर लावला. पुतण्या ढिम्म. तिसऱ्यात शेजारच्या पोरानं लोखंडी त्रिकोण किणकिणवून घेतला.

"लेकरू नुसतंच काहून बसलंय रे?" आई म्हणाली. "नर्सीला टाळकरी असा बसला असता तर उठवून दिला असता."

भावाला व्हॉट्सअॅपवर विचारलं. उत्तर आलं, "अख्ख्या सिंफनीत झांजेचा ठोका एकच. चौथ्या भागात. तोही हळू. तीन महिने तालीम करतोय."

एका ठोक्यासाठी तीन महिने! मला हसू आलं, आणि लगेच पोटात गोळाही. आमच्याकडे चुकलं तर खाडाखोड करून सही मारता येते. या पोराला दुसरा ठोकाच नव्हता.

चौथा भाग गर्जत सुरू झाला. मिनिट-दीड मिनिटानं आवाज ओसरायला लागला. "इतक्यात काही वाजवत नाही तो," मी बायकोला म्हणालो, "तेवढ्यात चहा टाक."

"झालं," आई म्हणाली.

"काय झालं?"

"वाजवली त्यानं."

मी वळून पाहिलं. आईचे दोन्ही हात मांडीवरून उचललेले होते, तळवे एकमेकांना जेमतेम टेकलेले.

कार्यक्रम संपल्यावर पोराचा फोन. "आजी, ऐकू आलं?"

"आलं की. पण एवढा वेळ करत काय होतास?"

"मोजत होतो. मी चुकलो असतो तर सगळ्यांचं बिघडलं असतं."

सोमवारी दुपारी काउंटरवर गर्दी नव्हती. एक ओळखीचे गुरुजी आले. "काय साहेब, आज नुसतेच बसून?"

"बसून नाही, मोजतोय," मी म्हणालो.

त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं. गल्ला बंद होता.