पेडल मोडलेलं परवडलं

बेस ड्रमचं पेडल साफ मोडलं तर फार बिघडत नाही. सगळ्यांना कळतं, ढोलकीवाला डावा हात जड करतो आणि गाणं पार पडतं. घात करतं ते अर्धवट चालणारं पेडल. ते गुपचूप लय खातं आणि गायक मागे वळून बघतो ते तुमच्याकडे.

रत्नागिरीच्या ऑर्केस्ट्रांत मी ड्रम वाजवायचो तेव्हा सगळा सेट टेम्पोत बांधून भाट्याचा पूल ओलांडायचा, फणसोप, गोळप मागे टाकत पावसला उतरायचं. खारी हवा आधी स्प्रिंगला धरते, मग चेनीला. त्यावर टेम्पोत उडालेली तांबडी धूळ बसते. तेल घालावं तर तेलाला धूळ चिकटते, न घालावं तर गंज. आतासारखा ऑक्टोपॅड असता तर यातलं काहीच भोगावं लागलं नसतं. पण पोटात घुमणारी किक त्यातून मिळाली नसती, हेही खरं.

विल्यम लुडविग या शिकागोच्या ड्रमरने १९०९ साली बेस ड्रमच्या पेडलचं पेटंट घेतलं. जुन्या पेडलवर जलद रॅगटाइम वाजवताना त्याचा पाय पुरा पडत नव्हता. मूळ तत्त्व आजही तेच आहे. फळी दाबली की बीटर ड्रमवर आदळतो, पाय ढिला सोडला की स्प्रिंग त्याला मागे खेचते. म्हणजे ठोका पाय देतो, पण पुढचा ठोका कधी देता येईल हे स्प्रिंगच्या हाती.

पावसला माघी गणपतीचा कार्यक्रम होता. भावगीतं आणि भक्तिगीतं नीट गेली. कोळीगीत सुरू झालं आणि स्प्रिंगचा नट सैल होऊ लागला. बीटर परतायला रेंगाळायचा, मधलाच ठोका गळायचा. त्यात फळ्यांच्या रंगमंचावर ड्रम हळूहळू पुढे सरकत होता. तो मी आधीच काथ्याने माझ्या स्टुलाला बांधून ठेवला होता, त्यामुळे ड्रमबरोबर मीही सरकत होतो!

पुढच्या निवेदनात मंडळाच्या एका पोराकडून सायकलची जुनी ट्यूब मागवली. तिची पट्टी कापून स्प्रिंगच्या जोडीला ताणून बांधली. आता बीटर परतायचा, पण इतका चटकन की फळी पायाला खालून ढकलायची. पोटरी भरून आली. ढोलकीवाला शेजारून पुटपुटला, "दादा, किक सोड. मी बघतो." मी किक सोडली, खालचे ठोके फ्लोअर टॉमवर घेतले आणि पाय नुसता हलवत राहिलो.

पेडलची कुरकूर मोठमोठ्यांनाही चुकली नाही. लेड झेपेलिनच्या १९७० च्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या गाण्यात जॉन बॉनहॅमच्या पेडलची किरकिर रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येते. त्याचं पेडल निदान ठोका तरी देत होतं.

शेवटी नारळ आणि पाकीट हातात ठेवत मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "शेवटी शेवटी तुमच्या ड्रमचा घुमारा काय बसला हो! आमच्या नमनातल्या मृदंगाची आठवण झाली." ढोलकीवाला माझ्याकडे बघत होता. मी नारळ त्याला दिला. पाकीट ठेवलं.