एकविसाव्या दिवसानंतर

घरी अंडी उबवल्याचं सांगणारे बहुतेक जण २१व्या दिवशी थांबतात. कवच फुटतं, पिल्लू बाहेर येतं, फोटो काढले जातात. मला त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल लिहायचं आहे, कारण आमच्या घरात खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला.

उबवणं तसं फार अवघड नाही. दुकानातली अंडी चालत नाहीत. पोल्ट्रीत कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो, म्हणून त्यातून पिल्लू येत नाही. आम्ही गावाकडून खालाच्या गावरान कोंबड्यांची १२ अंडी आणली. खुडूक कोंबडी मिळाली नाही, तेव्हा थर्माकोलचा खोका, बल्ब, छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. तापमान ३७.५ अंश. अंडी दिवसातून तीनदा तरी फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव अस्तराला चिकटतो. कोणती बाजू वर आहे हे कळावं म्हणून धाकटीने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एकीकडे ‘अलिफ’ आणि दुसरीकडे ‘अ’ लिहिला. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या आईच्या घरात दुसरं काय होणार!

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली. दहांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरी होती. १८व्या दिवशी फिरवणं थांबवून ओलावा वाढवला. शेवटी सात पिल्लं निघाली. धाकटीने सातही जणांची नावं ठेवली.

दोन महिन्यांनी चौघांचे तुरे लाल झाले, मानेवरची पिसं टोकदार दिसू लागली. चार कोंबडे, तीन कोंबड्या. लांबुळक्या अंड्यातून कोंबडा निघतो असं जुनी माणसं म्हणतात, पण तसं काही नसतं. पक्ष्यांमध्ये नर की मादी हे आईच्या बीजावर ठरतं आणि साधारण निम्मे नर निघतातच. वर्गात मी जीवनचक्राचं चित्र काढते: अंडं, पिल्लू, कोंबडी, परत अंडं. त्या चित्रात जास्तीचे कोंबडे नसतात.

चार महिन्यांचे झाले तसे ते एकमेकांना रक्त येईपर्यंत टोचू लागले. पहाटे चौघं आरवायचे आणि शेजारी दिवसा विचारायचे, “मॅडम, किती दिवस?” तीन कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ होतो. उरलेल्यांचं काय करायचं?

आम्ही मांस खाणारी माणसं. तरीही धाकटी म्हणाली, “अम्मी, यांना आपणच जन्माला घातलं ना?” माझ्याआधी तिची दादी बोलली, “बेटा, बाजारातली कोंबडीही कुणीतरी उबवलेलीच असते.”

दोघींचंही खरं होतं. अंड्यांसाठीच्या जाती उबवणाऱ्या हॅचऱ्यांमध्ये नर पिल्लं बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढतही नाहीत. जर्मनीने २०२२पासून त्यावर बंदी घातली आहे. म्हणजे रोजच्या आमलेटमागेही हा प्रश्न असतो, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या दारात सुटलेला असतो. घरी उबवलं की तो आपल्या अंगणात येतो, आणि त्याला नाव असतं.

एक कोंबडा ठेवला. दोन खालाकडे आणि तिच्या शेजारी गेले, वेगवेगळ्या खुराड्यांत. चौथ्याला घ्यायला कुणी तयार नव्हतं. एका जुम्म्याच्या सकाळी धाकटीच्या अब्बूंनी त्याला जबह केलं. सुरी आत, स्वयंपाकघरातच धार लावून आणली. जनावरासमोर सुरी परजू नये, हे दादीने त्यांना लहानपणीच शिकवलेलं. धाकटी तेव्हा घरातच होती. ती बाहेर आली नाही आणि दुपारी जेवायला बसली तेव्हा तिने सालन घेतलं नाही. कुणी आग्रह केला नाही. दादीने तिच्यासाठी डाळीला फोडणी दिली. आम्ही बाकीच्यांनी ते सालन खाल्लं, टाकलं नाही.

यंदा तिनेच माळ्यावरून खोका काढला. पण अंडी आणण्याआधी वही घेऊन बसली. कोंबडे निघाले तर कुणाकडे जातील, किती जण घेतील, हे तिने खालाला फोन करून विचारलं. दोघांची सोय होण्यासारखी होती, एक घरी राहू शकत होता.

म्हणून या वेळी अंडी सहाच ठेवली.