आंकड्यांचें गाणें

संगणकांत गाणें आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें असतें. त्या आंकड्यांचें पुनः विद्युल्लहरींत रूपांतर करणारें यंत्र म्हणजे 'डॅक'. तें घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थास विक्रेता प्रथम मोठमोठ्या संख्याच ऐकवितो: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ! आम्हांस त्यांची भूल पडत नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात, व त्यांच्या जवळजवळ निम्म्या कंपनांपर्यंतचा नाद त्यांतून परत मिळतो. मनुष्याचा कान २०,००० कंपनांपलीकडे सहसा जात नाहीं. आणि वयाबरोबर ही मर्यादा उतरते, म्हणजे पैसे मोजणाऱ्या वडिलांस मुलांहूनही कमी ऐकूं येणार! (वडिलांनीं राग मानूं नये.) २४ बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करणाऱ्यास. १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या १९२ किलोहर्ट्झांत उतरविल्या, तरी मूळ तबकडींत जें उमटलेंच नाहीं तें कोठून येणार? यास्तव यंत्र साधेंच घ्यावें. घरांतील फाइली तें वाजवितें कीं नाहीं, व आपल्या हेडफोनास त्याचा जोर पुरतो कीं नाहीं, एवढें दुकानांतच ऐकून पाहावें. उरलेले रुपये स्पीकरांकडे लावावे. तेथील फरक आजोबांसही कळतो.